स्मोकर विझतो, धूर चटका देतो, माशी जास्तच चवताळते: आधी जळण तपासा

"पेटी उघडली की माशी अंगावर येते, काय करू?" असा फोन मला हंगामात आठवड्याला एकदा तरी येतो. मी अंबाजोगाई भागात मेलीफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, फेब्रुवारीत त्या जालन्याकडे कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर नेतो, आणि ओळखीतलं कुणी अडलं की जाऊन बघतो. गेल्यावर पेटीला हात लावत नाही. स्मोकरचं, म्हणजे पेटीत धूर सोडायच्या भातावाल्या नळकांड्याचं, झाकण काढतो आणि आत काय जळतंय ते बघतो. बहुतेक वेळा खोट तिथंच निघते. राणी बदला, पेटी हलवा, जाड हातमोजे आणा असे खर्चाचे सल्ले त्या माणसाला तोवर मिळालेले असतात, आणि दोष असतो दोन मुठी जळणाचा.

लक्षणं कोणती

पहिलं, स्मोकर चार पेट्या होईपर्यंत टिकत नाही. तिसरी पेटी उघडी, फ्रेम हातात आणि धूर बंद. यातूनच सगळ्यात जास्त डंख बसतात.

दुसरं, धूर येतो पण विरळ आणि निळसर, त्यात मधूनच ठिणगी उडते. भाता दाबला की नळीच्या तोंडाशी ज्वाळ दिसते.

तिसरं, धूर दाट पांढरा आहे, पण ओला. नळीच्या टोकाला काळपट तपकिरी थेंब लोंबतो आणि फ्रेमवर पडतो. झाकण चिकटून बसतं, पटाशीनं उचकटावं लागतं.

चौथं लक्षण लोक चुकीचं वाचतात. धूर दिल्यावर माशी फ्रेमच्या फटीत खाली सरकायला हवी. ती वर उसळते, झाकणावर धावते, आवाज चढतो. याला लोक "माशी तापट आहे" म्हणतात. कधी पेटीच्या दारात माश्या गळून पडतात, कधी काढलेल्या मधाला धुराचा वास येतो. हे दिसलं की माशीच्या स्वभावाचा विचार नंतर करा, जळणाचा आधी.

पहिली तपासणी, फुकटची: धूर स्वतःच्या हातावर घ्या

स्मोकर पेटला की पेटीकडे जाण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूवर, चार-सहा बोटं अंतरावरून, तीन वेळा धूर सोडा. तो गार किंवा कोमट लागला पाहिजे. चटका बसला तर तो माशीलाही बसणार, आणि तिचे पंख आपल्या कातड्याइतके दणकट नसतात.

हे इतकं का महत्त्वाचं, ते धुराच्या कामातून कळतं. माशी डंख मारते तेव्हा त्या जागी आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य सुटतं. त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो. अर्धापूरकडच्या केळीच्या वखारीत कुणी शिरलं असेल तर त्याला लगेच ओळखू येईल. हा वास म्हणजे बाकीच्या माश्यांना मारलेली हाक, की शत्रू इथं आहे, या. धुरामुळे माशीच्या मिशांना हा वास नीट कळत नाही, म्हणून हाक पुढं पोचत नाही. दहा-वीस मिनिटांत मिशा पुन्हा पूर्ववत होतात. शिवाय धूर लागला की माश्या मधाच्या घरांत डोकं घालून पोट भरून घेतात, आणि पोट भरलेली माशी सहसा लढायला येत नाही. ही दोन्ही कामं गार धुरानं होतात. तापलेला धूर गेला की ती हाक झाकायच्या ऐवजी आपण स्वतःच नवं संकट उभं करतो.

म्हणून दारात दोन-तीन झोत द्या आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. पोट भरायला माशीला वेळ लागतो. पुष्कळ जण धूर देऊन लगेच झाकण उचलतात आणि मग जळणाला दोष देतात. तो दोष जळणाचा नाही.

दुसरी तपासणी: जळण खरंच सुकं आहे का

जून ते सप्टेंबर येणारे निम्मे फोन इथंच मिटतात. गोवरी वरून कोरडी दिसते, पण गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असेल तर आतून ओल धरते. हातात घेऊन मोडून बघा. सुकी गोवरी टक्‌ आवाज करून मोडते, तुटलेल्या कडेला कडब्याचे धागे कोरडे दिसतात, ती हाताला हलकी लागते. ओलसर गोवरी आधी वाकते, मग फाटल्यासारखी तुटते, आतला रंग हिरवट काळा दिसतो. गोणपाटाचं सोपं आहे: गालाला लावा, थोडी जरी ओल असली तरी गार लागतं.

ओलं जळण पेटल्यावर आगीची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते. जळण नीट तापत नाही, अर्धवट जळतं, डांबरासारखा चिकटा धुराबरोबर वर चढतो आणि नळीत गार होऊन थिजतो. वर सांगितलेला तो तपकिरी थेंब म्हणजे हाच चिकटा. धूर दाट दिसतो म्हणून आपण खूश होतो, पण त्यात निम्मी वाफच असते.

उपाय बिनखर्चाचा आहे. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या उन्हात, वर्षाचं जळण पत्र्यावर दोन-तीन दिवस वाळवा. गोवऱ्यांचे लिंबाएवढे तुकडे करा. खाद्यतेलाचा जुना पत्र्याचा डबा साबणानं धुऊन, वाळवून त्यात भरा आणि झाकण घट्ट लावा. माझ्याकडे असे तीन डबे आहेत. पेट्या ट्रकवर चढल्या की एक डबा गाडीत जातो, कारण परक्या गावात मिळेल ते जळण घालण्यासारखी दुसरी चूक नाही. कशी, ते पुढं सांगतो.

तिसरी तपासणी: भरलं कसं आणि पेटवलं कसं

जळण चांगलं असूनही विझत असेल तर ते वरून पेटवलेलं असतं. माणूस स्मोकर गच्च भरतो, वर काडी लावतो, वरचा थर जळतो आणि खाली हवा पोचत नाही. आग खालीच लागली पाहिजे, कारण भात्याची हवा तळाच्या जाळीतून येते.

मी असं करतो. चुरगळलेला वर्तमानपत्राचा एक तुकडा आणि चिमूटभर नारळाचा काथ्या पेटवून तळाशी टाकतो, भाता हळू दाबत राहतो. ज्वाळ तोंडापर्यंत आली की गोवरीचे चार-पाच तुकडे. पुन्हा भाता. तुकड्यांच्या कडा लाल व्हायला लागल्या, त्यांच्यावर राखेची पांढरी रेघ आली, की मगच तागाच्या गोणपाटाची सैल वळकटी उभी सारतो. बोटानं हलकंच दाबतो, ठासत नाही. सगळ्यात वर मूठभर हिरवी हरळी.

ही हरळी सोडू नका. ती धूर गार करते आणि ठिणगी अडवते. फक्त ती ज्या बांधावरची आहे तिथं तणनाशक मारलेलं नसावं. मी घरच्या विहिरीच्या कडेची हरळी नेतो, ओल्या फडक्यात गुंडाळून.

पेटवायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल नको. कापूरही नको, देवघरातला कापूर सोयीचा वाटतो, पण त्याचा उग्र वास किडे पळवायलाच वापरतात, आणि माशी किडाच आहे. रंगीत गुळगुळीत कागदही टाळा.

चौथी तपासणी: जळण आलं कुठून

सगळ्यात जास्त नुकसान मी इथं पाहिलंय, म्हणून जरा थांबून सांगतो.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट, फेब्रुवारीची सकाळ, गोंडे फुललेले. माझा जळणाचा डबा घरी राहिला होता. शेतमालकाच्या पुतण्यानं मदत म्हणून स्मोकर पेटवून आणला. धूर काळसर होता, घशाला लागत होता. मी विचारलं, "बाळा, काय घातलंस?" तो म्हणाला, "काका, पोतंच घातलंय की, गोठ्यात पडलेलं." मी आतला तुकडा चिमट्यानं बाहेर काढला. त्याच्या टोकाला काळा, चकचकीत, घट्ट झालेला थेंब होता, मेणासारखा ओघळलेला. ते खताचं प्लास्टिकच्या धाग्याचं पोतं होतं. तोवर एका पेटीत दोन झोत गेले होते. दाराच्या फळीवर माश्या उलट्या पडून पाय हलवत होत्या. ओंजळभर असतील. पुतण्याचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती, डबा मी विसरलो होतो.

तेव्हापासून एक चाचणी मी सगळ्यांना शिकवतो. पोत्याचा एक धागा ओढून काडीवर जाळा. ताग असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरडली जाईल अशी राख उरते. प्लास्टिक असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. मणी झाला की ते पोतं स्मोकरपासून लांब ठेवा. कापडाच्या चिंध्यांनाही हीच चाचणी. जुनं सुती धोतर उत्तम. साडी आणि शर्टात हल्ली बहुतेक वेळा पॉलिस्टर मिसळलेलं असतं.

ताग असला म्हणून लगेच पास करू नका. त्या पोत्यात आधी काय होतं? कीडनाशक लावलेलं बियाणं, खत, गोदामात फवारणी झालेलं धान्य असेल तर ते विष धुरातून थेट माशीच्या घरात जातं. कोरं पोतंही लगेच नको, कारण ताग मऊ करायला कारखान्यात तेल वापरतात. मी घरच्या ज्वारीचं, दोन-तीन वर्षं वापरलेलं पोतं घेतो, सोडा घातलेल्या गरम पाण्यात दोनदा धुतो आणि कडक उन्हात वाळवतो. इतिहास माहीत नसलेलं पोतं फुकट मिळालं तरी घेत नाही.

आता आपल्या रानातल्या जळणाबद्दल. मराठवाड्यात पऱ्हाटी आणि तुराटी दारात ढिगानं पडलेली असते, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिकडंच जातो. मी दोन्ही वापरत नाही. एक तर दोन्ही लाकडासारखी ज्वाळेनं जळतात, धूर कमी आणि आच जास्त. दुसरं, कापसावर बोंडअळीसाठी आणि तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारे झालेले असतात. ज्वारीचा कडबा पेटवणीला बरा, पण एकटा घातला तर भडकतो आणि पटकन संपतो. सोयाबीनचं भुसकट बारीक असतं, भात्याबरोबर ठिणगी होऊन उडतं. बाभळीच्या ढलप्या निखारा धरतात आणि नळकांडं लाल करतात.

चांगलं काय, तर देशी गाईची किंवा म्हशीची, माती न मिसळलेली गोवरी. तागाचं जुनं पोतं. मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं. सुकी असली की हळू आणि खूप वेळ धुमसतात. आणि नारळाच्या शेंड्या. आमच्याकडे योगेश्वरीच्या देवळाबाहेर, धाराशिवकडच्यांना तुळजापुरात, नारळाच्या दुकानदारांकडे शेंड्यांचा ढीग सहज मिळतो. मागितल्या तर आनंदानं देतात. त्यांचा धूर मऊ आणि पांढरा येतो. फक्त शेंड्यांना कुंकू-गुलाल, अगरबत्तीची पूड किंवा तेल लागलेलं नाही ना, ते बघा.

कडुनिंबाचा पाला घालावा का, हा प्रश्न हमखास येतो. डास पळवायला आपण तो जाळतो, त्याच कारणासाठी मी तो पेटीत नेत नाही. कण्हेर, रुई, धोत्रा, बेशरम, घाणेरी, गाजरगवत यांच्या काड्या चुकूनही नकोत. कण्हेरीचा धूर माणसालाही विषारी आहे. बांधावरचा पाचोळा सरसकट गोळा केला की या काड्या त्यात येतात, म्हणून मी पाचोळाच वापरत नाही. प्लायवूडचा भुसा आणि रंग दिलेल्या लाकडाचे तुकडे गोंद-रंगामुळे बाद. सुताराकडून भुसा आणायचा तर साध्या सागाचा किंवा आंब्याचा आहे ना, ते विचारून आणा, आणि एकटा घालू नका. तो बसतो आणि हवा कोंडतो.

माझं ठरलेलं मिश्रण असं: तळाला गोवरी, मध्ये तागाची वळकटी, फटींत नारळाच्या शेंड्या, वर हरळी. एवढ्यात माझा स्मोकर पाऊण तास तरी चालतो. मध्ये भाता थांबला तरी तो विझत नाही.

पाचवी तपासणी: नळी आणि जाळी

जळण बदलूनही धूर कोंडत असेल तर स्मोकर थंड करून उघडा. झाकणाच्या नळीत काजळी आणि चिकट्याचा थर साचून भोक निम्मं झालेलं असतं. जुन्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडा. तळाची जाळी काढून राख झटका. भात्याकडून येणारं तळाचं भोक राखेनं बुजलेलं सापडेल. काडीनं मोकळं करा. जाळी हरवली असेल तर पत्र्याचा गोल कापून खिळ्यानं दहा-बारा भोकं पाडा, तीन पाय वाकवा, काम भागतं.

सहावी तपासणी: भाता

इथून हाताला थोडं काम आहे. भात्याच्या भोकासमोर हाताचा तळवा धरून दाबा. झोत जोरात लागला पाहिजे. कुठून तरी फुसफुस आवाज आला तर रेक्झिनला घडीवर चीर पडलेली आहे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचं सोल्यूशन लावून ती वर्षभर चालते. आतली स्प्रिंग गंजून बसली असेल तर बदलावी लागते.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करू नका. भात्याचं भोक आणि नळकांड्याचं भोक यांच्यामध्ये बोटभर फट असते. एका पाहुण्यांनी ती गळती समजून एम-सील लावून बुजवली आणि मग स्मोकर सारखा विझतो म्हणून मला बोलावलं. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोझेस क्विंबी यांनी भाता जोडलेला स्मोकर आणला, आणि त्याच दशकात बिंगहॅम यांनी ही मोकळी फट ठेवली. भाता दाबत नसतानाही तिथून हवा आत ओढली जाते आणि जळण धुमसत राहतं. दोन्ही भोकं मात्र समोरासमोर हवीत. स्मोकर पडून वाकला की झोत बाजूला जातो. भात्याची पट्टी हातानं सरळ करा.

एवढं करूनही माशी चिडत असेल

मग जळण निर्दोष आहे, दुसरीकडे बघा. ऊन उतरायच्या वेळी, ढगाळ किंवा वाऱ्याच्या दिवशी, मे महिन्यात फुलोरा संपल्यावर माशी चिडकीच असते. तेव्हा सकाळी लवकर काम उरका आणि पेटी कमी वेळ उघडा. पेटीत राणी नसेल तरी आवाज वेगळा, रडल्यासारखा येतो. आणि सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, असेल तर धूर निम्मा करा. सातेरी जास्त धुरानं फ्रेम सोडून पळते, कधी पूर्ण पेटीच सोडून जाते. मेलीफेराचा हात सातेरीला लावू नये.

मध काढायच्या दिवशी मधकोठ्यावर वरून धूर सोडू नका, दारातून द्या. उघड्या मधाला धुराचा वास लगेच लागतो, आणि जाणकार गिऱ्हाईक तो पहिल्या चमच्यात ओळखतो.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

आगीचं आधी. कडब्याची गंजी, वाळलेला गहू, उसाचं पाचट जवळ असेल आणि वारा सुटला असेल तर त्या दिवशी स्मोकर पेटवू नका. पेट्या एक दिवस थांबतात. स्मोकर नेहमी विटेवर किंवा मोकळ्या मातीवर ठेवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. काम झालं की नळीत हिरव्या गवताचा बोळा कोंबा, घरी येऊन राख पाण्यात विझवा. अर्धवट धुमसणारा स्मोकर गाडीच्या डिकीत ठेवू नका. रान पेटलं तर स्वतः विझवत बसण्याआधी १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

आग्या मोहोळाला हा स्मोकर घेऊन जाऊ नका. पाण्याच्या टाकीखालचं, वडाचं, लेण्यांच्या कड्यावरचं मोहोळ शेकड्यांनी एकदम सुटतं, माणसाच्या मागं लांबवर येतं, आणि आपल्या स्मोकरचा धूर त्याला पुरत नाही. ते काम रात्री, पूर्ण पोशाखात, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं आहे.

फ्रेममधल्या अळ्या पिवळ्या-तपकिरी होऊन सडल्या असतील, आंबूस वास येत असेल, किंवा दारासमोर एका दिवसात मेलेल्या माश्यांचा ढीग पडला असेल, तर धूर देणं थांबवा. तो रोग किंवा विषबाधा आहे, आणि कितीही चांगलं जळण त्याला उपयोगाचं नाही. मेलेल्या माश्या आणि त्या फ्रेमचा तुकडा कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. तोवर ती पटाशी आणि ते हातमोजे दुसऱ्या पेटीला लावू नका.

आणि माणसाचं. डंख बसला तर नांगी लगेच नखानं खरवडून काढा आणि त्या जागेवर धुराचा एक झोत द्या, म्हणजे केळ्याचा तो वास बाकीच्यांना जाणार नाही. जागेवर सूज येणं साधं आहे. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, दम लागला, चक्कर आली, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. पेटीचं झाकण उघडं राहिलं तर राहू द्या, स्मोकर मातीवर टाका, आधी माणूस गाडीत बसवा.